फ्लोरियानने सरकवलेली खुंटी

फ्लोरियान गेला तेव्हा तिल्काला रडू यायच्या आधी राग आला. वय झालं होतं, छाती वर्षभर वाजतच होती, ते सगळं ठीक. पण आता त्याला पुरायचं कुठे? कबरस्तान मळ्यापलीकडच्या टेकाडावर, आणि मध्ये तारेचं कुंपण. अलीकडे इटली, पलीकडे युगोस्लाव्हिया. तिथे टेकाडावर त्यांचा मिर्को पुरलेला होता, लढाईत गेलेला. बापाला लेकाच्या शेजारी ठेवायचं आणि रिवाजाप्रमाणे पहिली मूठ माती आपण टाकायची, एवढंच तिला हवं होतं.

आणि हे सगळं त्या म्हाताऱ्याचंच कर्तृत्व. महायुद्धात गळ्यात गळे घालणारे रशियन आणि अमेरिकन लढाई संपताच एकमेकांवर डोळे वटारू लागले. त्यांच्या साहेबांनी येऊन नकाशावर रेघ ओढली, माणसांनी चुना फासलेल्या खुंट्या ठोकल्या. रेघ घराच्या खालच्या अंगाने जात होती. घर, मळा, कबरस्तान, सगळं युगोस्लाव्हियात. पण तिकडे कम्युनिस्टांचं राज्य, मळा सरकारजमा होईल ही धास्ती. साहेब जेवायला बसल्याबरोबर फ्लोरियानने खुंटी उपटली आणि मळ्याच्या वर नेऊन ठोकली; घर आणि मळा इटलीत आले. गावात कोणी नाही हलवली खुंटी? पण बाकीच्यांनी निदान आपले मेलेले कुठे आहेत ते बघितलं होतं.

"मिर्को तिकडे राहिला की," ती तेव्हा म्हणाली होती.

"तार काय जन्मभर राहणार आहे? वर्षभरात काढतील," तो म्हणाला होता.

सकाळी शेजाऱ्यांनी पेटी खांद्यावर घेतली. वाटेत ती जमिनीला टेकवायची नसते. तारेपाशी टोपीवर लाल तारा लावलेल्या शिपायाने हात आडवा केला.

"परवाना फक्त मयताचा आहे. जिवंत माणूस पलीकडे येणार नाही."

"मग काय तो चालत येईल?" तिल्का म्हणाली. "मी बायको आहे त्याची."

"अर्ज करा, आजी. महिनाभरात होईल."

"महिनाभर पेटी खांद्यावर धरू म्हणतोस?"

तेवढ्यात टेकाडावरून अल्बिन तीन माणसं घेऊन उतरला. फ्लोरियानचा बालमित्र. मळ्यासाठी आपल्या माणसांना सोडलंस म्हणून त्याने बोलणं टाकलं होतं. त्याने आताही तिच्याकडे पाहिलं नाही. तारेवरून हात पुढे केले आणि पेटी या खांद्यांवरून त्या खांद्यांवर गेली.

"मिर्कोच्या उजव्या हाताला," तिल्का म्हणाली.

"माहीत आहे वहिनी," अल्बिन म्हणाला.

ती तारेला धरून उभी राहिली. वर टेकाडावर पेटी खड्ड्यात सोडली, पाद्रीबाबांची प्रार्थना म्हणून झाली, घंटा थांबली. तरी कोणी फावड्याला हात लावेना. मग तिच्या ध्यानात आलं. सगळे खाली वळून तिच्याकडे बघत होते. तिच्याआधी कोणी माती टाकणार नव्हतं.

काय माणसं ही, असं तिच्या मनात आलं, आणि तिला इतका वेळ न आलेलं रडू आलं. ती वाकली, आपल्या बाजूची मूठभर माती उचलली आणि तिथेच पायापाशी टाकली.

"घे एकदाची," ती म्हणाली.

वर फावडी चालू झाली.