गोड नालेफ्का

आमच्याकडे, बूग नदीच्या काठच्या गावांत, कुणाला ‘दारू पितोस का?’ असं विचारलं, तर तो व्होडकाचं काय ते सांगेल. घरच्या नालेफ्काचं सांगणार नाही. लपवायचं म्हणून नव्हे. ती दारू आहे हे त्याच्या मनातच येत नाही. उन्हाळ्यात आंबट चेऱ्या मोठ्या काचेच्या बरणीत भरायच्या, वर पिण्याचं कडक स्पिरिट ओतायचं, बरणी खिडकीत उन्हाला ठेवायची. लाल अर्क उतरला की तो काढून घ्यायचा आणि उरलेल्या चेऱ्यांवर साखर पसरायची, चेऱ्या दिसेनाशा होतील इतकी. साखर त्यांच्या पोटातलं उरलंसुरलं ओढून घेते, त्याचा पाक होतो, आणि तो पाक अर्काला भेटतो. पोट दुखलं, नालेफ्का. छाती भरली, नालेफ्का. पाद्रीबाबा घरी आले, नालेफ्का. औषधाला दारू कोण म्हणतं?

म्हणून नर्स एडितानं विचारलं, “आजोबा, दारू?” तेव्हा क्लेमेन्स छातीवर हात ठेवून म्हणाला, “डाव्या पायाची बोटं कापली तेव्हापासून थेंब नाही, पोरी.” शेजारी उभ्या असलेल्या झेनोबियानं, त्याच्या बायकोनं, मान डोलावली. दोघंही खरंच बोलत होती.

एडिता पुडे उलटेपालटे करून वाचायची. बिस्किटं, जॅम, सरबताची बाटली. “हे बघा, केवढी साखर! आणि कॅलरी? एवढ्याशा डबीत जेवणभर!”

“मला तर एकही दिसत नाही त्यात,” क्लेमेन्स डबी उजेडात धरून म्हणायचा. “झेने, तुला दिसते का गं?”

“तुझ्या पोटावर दिसते,” झेनोबिया म्हणायची.

एडिता हसायची, आणि सणासुदीला केकचा तुकडा खायचाच झाला, तर ती साखर उतरवायला इन्सुलिनच्या पेनचा खटका किती जास्त फिरवायचा, ते त्याला शिकवायची. तो नीट शिकला. घरच्या बाटलीवर मात्र कागद चिकटवलेला नसतो. ती तळघरात बटाट्यांच्या मागे उभी असते आणि तिला कुणी वाचत नाही.

पण झेनोबियाला ती वाचायची गरज नव्हती. तिच्याच हातांनी साखरेचं पोतं रिकामं व्हायचं. त्या वसंतात क्लेमेन्सच्या उजव्या टाचेला जखम झाली. रोज सकाळी ती त्याचा पाय मांडीवर घ्यायची, पट्टी सोडायची, जखमेच्या कडा बघायची. कधी गुलाबी, कधी राखाडी. राखाडी दिसल्या की तिचं जेवण जायचं. डॉक्टर म्हणाले होते, “साखर आवरली नाही, तर हाही पाय जाईल. या वेळी नुसत्या बोटांवर भागणार नाही.” तिनं भाकरीचे तुकडे छोटे केले, कंपोट, ते फळं उकळलेलं गोड पाणी, बंद केलं. पण रोज दुपारचा नालेफ्काचा पेला बंद कर म्हणायला तिची जीभ उचलेना. नदीवर गळ टाकायला जाणं गेलं, सायकल गेली. आता त्याच्याकडे होता तो एक पेला, आणि पेल्याबरोबर म्हणायचं त्याचं गाणं:

आंबट चेरीबाई काचेत झोपी गेली,
हिमाच्या सांजेला गोड गं होऊन आली.

जुलैत चेऱ्या पिकल्या. झेनोबिया शिडीवर चढली, हात कोपरापर्यंत लाल झाले. अर्क उतरला, साखर घालायची वेळ आली, तेव्हा ती बस धरून शहरात गेली आणि बर्च झाडाची साखर घेऊन आली. तीही पांढरीच, तितकीच गोड. पण रक्तातली साखर वाढवत नाही, असं दुकानातल्या बाईनं सांगितलं. महाग होती. ती तिनं चेऱ्यांवर घातली, आणि रिकामे पुडे चुलीत घालून ते जळेपर्यंत तिथेच बसून राहिली. गेल्या वर्षीच्या उरलेल्या बाटल्या बहिणीकडे, लेओकाडियाकडे, पोचवल्या.

“नालेफ्का संपली?” क्लेमेन्सनं विचारलं.

“संपली. पिणाऱ्यानं प्यायली.”

“मग नवी दे.”

“तुझ्या नावाच्या दिवसाआधी झाकण उघडत नाही मी. चाळीस हिवाळे गेले, अजून ठाऊक नाही होय तुला?”

आमच्याकडे वाढदिवसापेक्षा नावाचा दिवस मोठा, ज्या संताचं नाव ठेवलं त्याचा सण. संत क्लेमेन्सचा दिवस नोव्हेंबरच्या शेवटाकडे येतो, शेतं काळी पडलेली असतात, नदीवर धुकं असतं. दुपारीच पाहुणे जमले: लेओकाडिया, आणि क्लेमेन्सचा नदीवरचा जुना सोबती हिरोनिम. टेबलावर कांद्यातली हेरिंग मासळी होती, कोबी-मांसाचं पातेलं होतं, खसखशीचा केक होता. झेनोबियानं नवी बाटली आणली. माणिक वितळवावा तसा रंग.

क्लेमेन्सनं पहिला घोट जिभेवर फिरवला. भुवया वर गेल्या.

“यंदा तोंडात थंड लागते गं. तळघराचा वारा लागल्यासारखी.”

झेनोबियानं केकची बशी त्याच्यापुढे सरकवली. “चेऱ्याच नदीकडच्या फांद्यांच्या होत्या.”

“गोड आहे ना?” हिरोनिम म्हणाला. “मग थंड का असेना. बायको असती तशी, तर काय सोडली असतीस?”

“माझी गोड कुठाय रे? गोड असती तर हाही पाय कधीच गेला असता!”

सगळे हसले. झेनोबियाही हसली. शंभर वर्षं जग म्हणत पेले भरले. ज्याचा नावाचा दिवस, त्यानं प्रत्येक शुभेच्छेला पेला रिकामा करायचा असतो. त्यानं रिकामा केला. दर वेळी ती त्याच्याकडे मोकळ्या मनानं बघत होती. कित्येक महिन्यांनी आज पहिल्यांदा त्याच्या घोटाची तिला भीती वाटत नव्हती. पी, माझ्या राजा, पी.

मध्येच तो न्हाणीत गेला. दाराआडून पेनचा खटका फिरताना ऐकू आला, कटकट, कटकट, नेहमीपेक्षा लांब. बोटं थरथरत असतील म्हाताऱ्याची, असं तिला वाटलं. बाहेर आला तेव्हा त्यानं हिरोनिमला डोळा मारला. आणि गात बसला.

पाहुणे उजेडातच गेले. तो लवकर झोपला. नीट जेवलाही नव्हता, पण नावाच्या दिवशी कोण जेवतं?

सकाळी तिनं कोमट पाणी आणलं, पट्टी बदलायला. पांघरूण वर केलं, पाय मांडीवर घेतला. जखमेच्या कडा गुलाबी होत्या, किती दिवसांनी गुलाबी. “अरे क्लेमेन्स, बघ तरी,” ती म्हणाली, आणि मग तिला पायाचा गारवा कळला. उशी घामानं भिजून गार पडली होती.

डॉक्टर म्हणाले, साखर फार खाली गेली. लेओकाडिया त्यांच्यावर तडकली. “खाली? माझ्या बहिणीची नालेफ्का पिऊन? अहो, तिच्यात चमचा उभा राहतो!” डॉक्टरांनी चष्मा पुसला. आपण साखर घातली नाही, तीच कमी पडली का, असं काहीतरी झेनोबियाच्या मनाशी आलं. पण पुढचा धागा तिला लागेना. एक गोड पेला नाही मिळाला म्हणून माणूस मरतो का?

दफन झाल्यावर मंडळी घरी सूप प्यायला आली. टेबल तेच, बाटलीही तीच. मेलेल्या माणसाची बाटली अर्धी ठेवू नये म्हणतात. हिरोनिमनं पेला उचलला. दाढी न केलेला, डोळे सुजलेले.

“क्लेमेन्ससाठी,” तो म्हणाला. “झेनोबिया, आता सांगायला हरकत नाही. तुझी एवढी काळजी होती त्याला. ‘हिरोनिम,’ म्हणायचा, ‘माझा पाय गेला तर ती बाई जगायची नाही. पण पेल्याला नाही म्हटलं तर तिचा उन्हाळा वाया जातो.’ म्हणून गुपचूप हिशेब करायचा. प्रत्येक पेल्याला पेन जास्त फिरवायचा, नर्सनं केकचं शिकवलं होतं तसं. ‘तिची साखर मी सुईनं फेडतो,’ म्हणायचा. नावाच्या दिवशीही फेडून आला, मला डोळा मारला. बघ, एक दिवस चुकवलं नाही पठ्ठ्यानं.”

झेनोबियानं हातातली पळी खाली ठेवली.

“त्यात साखर नव्हती,” ती म्हणाली.

कुणाला कळलं नाही. लेओकाडियानं आपला पेला ओठाला लावला, जीभ फिरवली. “काय बोलतेस ताई? गोड आहे की चांगली.”

“गोड आहे. साखर नाही. यंदा मी घातलीच नाही. त्याच्या पायासाठी.”

हिरोनिमचा पेला हवेतच राहिला. त्याचा चेहरा हळूहळू, पाणी गोठावं तसा, गोठत गेला. त्यानं पेल्यात पाहिलं, मग तिच्याकडे. पेला त्यानं टेबलावर ठेवला, आवाज होऊ नये अशा बेतानं.

“देवा,” तो म्हणाला. “तुम्ही दोघं एकदा तरी बोलायचं ना.”

झेनोबियानं टेबलाच्या टोकाला, क्लेमेन्सच्या रिकाम्या खुर्चीसमोर ठेवलेला त्याचा पेला उचलला, काठोकाठ भरला आणि एका दमात रिकामा केला. गोड होती. आणि मग जिभेवर तो गारवा आला, तळघरातून वर येणारा. ती तोंड मिटून बसली. तो गारवा जाईना.