वडिलांचे आजचे वय

उपासे बाईंनी फळ्यावर उदाहरण घातलं की त्यातली माणसं घरी यायची आणि गणित सुटेपर्यंत हलायची नाहीत. बार्शीत याचं कुणाला नवल नव्हतं. काळ-काम-वेगाला मजूर यायचे आणि दाराशी चपला काढून भिंतीकडेला बसायचे. नफा-तोट्याला फळवाला यायचा, आणि पोरं त्याच्या केळ्यांचा फडशा पाडायची. बाई सगळ्यांना चहा टाकायच्या. पाहुणा तो पाहुणा, मग तो पुस्तकातून का आलेला असेना.

फोटो काढताच उत्तर देणारं ॲप पोरांच्या मोबाइलवर आलं आणि पंचाईत झाली. माणूस कप ओठाला लावतोय न लावतोय तोच नाहीसा व्हायचा. बाईंचे चांगले कप असेच फुटले. तेव्हापासून शिकवणीला आलं की फोन पिठाच्या डब्यात, असा नियम झाला.

"हातानं सोडवा," बाई म्हणायच्या. "आलेल्या माणसाला असं ढकलून देतात होय? आणि ताळा केल्याशिवाय कुणी उठायचं नाही."

ताळा म्हणजे आलेलं उत्तर परत उदाहरणात घालून बघणं. तो जुळला की माणसं उठायची, नमस्कार करायची आणि जायची.

बाईंना एक खोड होती. पुस्तकातल्या मुलाची त्या मुलींसाठी मुलगी करायच्या. दरवेळी पोरग्यानंच का मोठं व्हायचं, असं त्यांचं म्हणणं. त्या खोडीपायीच दहावीतल्या भैरवी माळगेला त्यांनी उदाहरण घातलं: वडिलांचे आजचे वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. पाच वर्षांपूर्वी ते चौपट होते. तर दोघांची आजची वये काढा.

भैरवीचे वडील चार वर्षांपूर्वी गेले, हे बाईंना खडू खाली ठेवताना आठवलं. तोवर दाराची कडी वाजली होती.

आत आलेल्या माणसाला वय नव्हतं. घटकेत मिसरूड फुटलेला, घटकेत पाठीत वाकलेला. त्यानं चहाबरोबरचं बिस्कीट मोडलं, अर्धं स्वतः घेतलं आणि अर्धं न बघताच शेजारी धरलं. भैरवीनं ते घेतलं.

"पप्पा?"

"माझं वय तुझ्या तिप्पट आहे."

उदाहरणातली माणसं उदाहरणात असेल तेवढंच बोलतात.

"जेवलात का पप्पा?"

"पाच वर्षांपूर्वी चौपट होतं."

भैरवी खळखळून हसली. चार वर्षांत तिला असं हसताना बाईंनी पाहिलं नव्हतं. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि आणखी चहा टाकला.

भैरवीनं गणित सोडवलं नाही. रोज यायची, 'मुलीचे वय क्ष वर्षे मानू' एवढं फळ्यावर लिहायची आणि वडिलांशेजारी जाऊन बसायची. मागून आलेल्या उदाहरणांची माणसं जिन्यावर दाटली, पुढचा धडा अडला. बाईंनी कानाडोळा केला. बसू दे लेकराला, म्हणाल्या.

पण मुलीचं वयही ठरायचंच होतं. एके दिवशी भैरवीचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकेनात. दुसऱ्या दिवशी तिची वेणी पांढरी होती. मग तिची आई, शोभाताई, तिला कडेवर घेऊनच आली.

"बाई, शाळेत हिला परीक्षेला बसवून घेईनात," आई म्हणाली. "हिचं वयच ठरंना. काल माझ्यापेक्षा म्हातारी झाली, मलाच म्हणली, पोरी, पाणी दे."

इतका वेळ आई भिंतीकडेला बसलेल्या माणसाकडे बघत नव्हती. मग तिनं बघितलं.

"ह्यांना जाऊ द्या आता," ती म्हणाली आणि कमरेचा फोन काढला. "मी काढते फोटो. मला माझी पोरगी पाहिजे."

चार वर्षांच्या भैरवीनं वडिलांच्या पायाला मिठी मारली. बाईंनी शोभाताईंचा हात धरला.

"तसं नको, शोभा. तसे ते एकदा गेलेत."

शोभाताईंनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

बाईंनी भैरवीला फळ्याशी नेलं आणि तिच्या मुठीत खडू दिला. खडू त्या मुठीत मावत नव्हता, म्हणून बाईंनी वरून आपला हात धरला. वडिलांचं वय तीन क्ष. पाच वर्षांपूर्वी तीन क्ष वजा पाच. कंस सुटला तेव्हा भैरवीची उंची बाईंच्या खांद्याला आली, आणि बाईंनी हात काढून घेतला. क्ष बरोबर पंधरा, असं तिनं एकटीनं लिहिलं. ती पंधरा वर्षांची झाली.

भिंतीकडचा माणूस पंचेचाळीसचा झाला. कानाजवळ पिकलेला, जवळच्या चष्म्याचा. असे पप्पा कुणीच बघितले नव्हते; ते एक्केचाळिसाव्या वर्षीच गेले होते. शोभाताई उठल्या, पप्पांच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून त्यांनी पदरानं काचा पुसल्या आणि परत लावून दिला.

पप्पांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि चपलेत पाय घातला.

"ताळा राहिलाय," बाई म्हणाल्या.

त्यांनी चप्पल काढली.

भैरवीनं डावीकडे लिहिलं, पंचेचाळीस वजा पाच. मागे चष्मा नाहीसा झाला आणि केस काळे झाले. उजवीकडे लिहिलं, पंधरा वजा पाच, गुणिले चार. तिचा हात फळ्यावर खाली घसरला, वेणीला लाल रिबिनी आल्या. दहा वर्षांची भैरवी पाटावर चढली. डावीकडे चाळीस झाले. उजवीकडे चाळीस झाले. मध्ये बरोबरचं चिन्ह तेवढं काढायचं राहिलं.

तिनं वरची रेघ काढली आणि वळून बघितलं. पप्पांनी अर्धं बिस्कीट तिच्याकडे धरलं होतं.

तिनं ते घेतलं, तोंडात टाकलं आणि खालच्या रेघेसाठी खडू टेकवला. बाईंनी घाई केली नाही.