बुटाखालचा माणूस

मी एक जुना कागद आहे, मित्रांनो. हल्ली न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थ गावी, एका मराठी घरात, काचेच्या आड राहतो. माझ्या अंगावर एक चित्र छापलेलं आहे. ते लोकांना हसवण्यासाठी काढलं होतं, आणि लोक त्याला पोट धरधरून हसले. तरी मी माझी गोष्ट मान खाली घालूनच सांगणार आहे. कागदाला मान नसते, ठाऊक आहे मला. पण लाज असते.

माझा जन्म लंडनचा. तेव्हा तिथे जॉर्ज नावाचे राजे एकामागून एक गादीवर बसत होते, आणि राजापासून प्रधानापर्यंत कोणाचीही टर उडवणारी चित्रं तिथल्या दुकानांत विकायला असत. ती छापायची रीत मोठी वेगळी. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचे. चित्रकार सुईनं मेण खरवडून रेघा काढायचा. मग पत्र्यावर तेजाब ओतायचे. मेण गेलेल्या जागी तेजाब तांब्याला चावायचं. त्या चाव्यांत शाई भरायची, वर ओलसर कागद ठेवायचा आणि दोन जड रुळांमधून दाबून काढायचा. तसा मी निघालो. एकटा नाही, माझी शेकडो भावंडं निघाली.

तांब्याची माझी माय, तेजाबानं पोळली,
लेकराला पाहून तिच्या दुनिया हसली.

काय होतं माझ्यावर हसण्यासारखं? एक साहेब. कंपनीच्या चाकरीत हिंदुस्थानात गेलेला, लुटून गब्बर झालेला आणि घरी परत आलेला. खुर्चीत रेलून हुक्का ओढतोय. नाक टोमॅटोसारखं लाल. पोट इतकं सुटलंय की कोटाची बटणं तुटून उडतायत. खिशांतून हिरेमाणकं सांडतायत. डोक्यावर ही मोठी पगडी. आणि बूट? बूट त्यानं एका माणसाच्या पाठीवर ठेवले आहेत. तो माणूस ओणवा आहे, हात जमिनीला टेकलेले. साहेबाचं पाय ठेवायचं स्टूलच जणू.

चित्रकारानं साहेबाच्या नाकावर सबंध सकाळ घालवली. खालच्या माणसासाठी सुई चारदोन वेळा फिरवली आणि झालं. त्याला माणसाचा चेहरासुद्धा नीट दिला नाही, माकडासारखं काहीतरी खरडलं. रंग हातानं भरायचे असत. लांब टेबलाशी बायका ओळीनं बसत. एकीकडे लाल, एकीकडे पिवळा, एकीकडे निळा. शेवटी सगळे ब्रश धुतल्यावर भांड्यात जे गढूळ पाणी उरलं, ते त्या माणसाच्या अंगाला फासलं.

मग मला दुकानाच्या खिडकीत टांगलं. बाहेर ही गर्दी! साहेब लुटारू आहे, हावरा आहे, हे सगळ्यांना पटत होतं. ते खरंही होतं. लोक त्याच्या पोटाकडे बोट दाखवून हसत, एकमेकांच्या खांद्यावर थापा मारत. पण खाली बोट दाखवून, हा कोण, असं त्या गर्दीत कोणीच विचारलं नाही. माझी लाज तिथे सुरू झाली. मी ज्याची चेष्टा करत होतो तो मजेत बसलेला होता. ज्यानं काहीच केलं नव्हतं तो माझ्या अंगावर ओणवा होता, आणि मला त्याला उठवता येत नव्हतं.

पुढे एका कुटुंबाच्या ट्रंकेत बसून मी समुद्र ओलांडला आणि न्यूझीलंडला आलो. मानवाटूमधल्या मेंढ्यांच्या एका फार्मवर मला जागा मिळाली. कुठे, ते सांगायला संकोच वाटतो. टॉयलेटमध्ये. येणारा पाहुणा आत जायचा आणि हसत बाहेर यायचा. ओलीनं माझ्या कडांवर तपकिरी डाग पडले. पिढ्या गेल्या, घर विकलं गेलं, आणि एका खोक्यातून मी जुन्या वस्तूंच्या दुकानात, म्हणजे ऑप शॉपमध्ये, येऊन पडलो. एका बाजूला जुन्या रबरी चपला, इथल्या भाषेत जँडल्स, दुसऱ्या बाजूला तुकडे हरवलेलं जिगसॉ पझल.

तिथे मला देवव्रत भेटला. तो मूळचा पुण्याचा, इथल्या एका संशोधन संस्थेत कॉम्प्युटरचं काम करतो. मला उचलून तो जवळजवळ ओरडलाच.

"अनुराधा, इकडे ये! पगडी बघ, पगडी!"

"कुठली पगडी? आधी सांग, हे लावणार कुठे?" त्याची बायको म्हणाली. ती हॉस्पिटलात नर्स आहे आणि घरात आणखी एक वस्तू आली की तिच्या कपाळाला आठी पडते.

"अगं, अस्सल पुणेरी आहे! एवढा मोठा साहेब, पण आपली पगडी घालायचा मोह त्याला आवरला नाही!"

मित्रांनो, खरं सांगतो, माझ्या चित्रकारानं पुणं तर सोडाच, हिंदुस्थानचा किनाराही पाहिला नव्हता. त्यानं ऐकीव माहितीवर कोबीचा गड्डा काढला होता. पण देवव्रतला पुण्याची आठवण इतकी दाटून येत असे की त्याला कोबीतही पगडी दिसली.

त्यानं मला नवी फ्रेम केली आणि बैठकीच्या खोलीत, सरकत्या काचेच्या दारासमोर लावलं. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो माझ्यासमोर उभं करायचा. "गोऱ्यांनी गोऱ्यांचीच कशी उडवलीय बघा. आणि ती पगडी!" पाहुणे हसायचे. टॉयलेटमधून मी दिवाणखान्यात आलो, मान वाढला, पण हसू तेच होतं. खालचा माणूस कोणालाच दिसत नव्हता.

या घरात ओवी होती. देवव्रत आणि अनुराधाची मुलगी, प्रायमरी शाळेतली. जन्म इथलाच. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. एकदा ती टॉग्जची, म्हणजे पोहायच्या कपड्यांची, पिशवी खांद्याला अडकवून पोहायला धावत निघाली आणि तिचा पाय जमिनीवरच्या पुस्तकाला लागला.

"ओवी, पाय लागला. नमस्कार कर," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"इट्स अ लायब्ररी बुक, आई!"

"लायब्ररीचं असलं म्हणून काय झालं?"

ओवी वळली. पुस्तकाला बोटं लावली, ती डोळ्यांना लावली आणि पळाली. मी ते पाहिलं. पुस्तक म्हणजे माझ्याच जातीचं. कागदाला पाय लागला तर या घरात त्याची माफी मागतात! मला क्षणभर बरं वाटलं. आणि लगेच नजर माझ्याच खालच्या अर्ध्यावर गेली.

मग संक्रांत आली. इथली संक्रांत भर उन्हाळ्यातली. तरी बायका हौसेनं काळ्या साड्या नेसून आमच्या घरी आल्या आणि पदरानं वारा घेत बसल्या. इथल्या मराठी मंडळातल्या कांचनकाकूंनी तिळाच्या वड्या केल्या होत्या. त्यांचे यजमान मोरेश्वरकाका म्हणजे मंडळातलं सगळ्यात गमतीचं माणूस. आत येताना त्यांचा पाय कोणाच्या तरी पर्सला लागला, तर वाक्य अर्धं सोडून त्यांनी हात छातीला लावला. जुनी सवय.

देवव्रतनं नेहमीप्रमाणे माझी ओळख करून दिली. मोरेश्वरकाका माझ्याकडे बघून खदखदले.

"अरे, हा तर डिट्टो मी! पोट बघ की!"

"नाक पण," कांचनकाकू म्हणाल्या.

"थांबा, थांबा! फोटो काढू. मी साहेब." त्यांनी खुर्ची ओढली, कोणाचं तरी उपरणं डोक्याला गुंडाळलं आणि तोंडात हुक्का म्हणून सोफ्यामागची चार्जिंगची वायर धरली. लोक हसून लोळायला लागले. "खाली कोण? कोणीतरी खाली हवं ना. ओवी! ये गं, तू लहान आहेस."

ओवीनं बाबांकडे पाहिलं. देवव्रत हसत होता. "जा ना, गंमत आहे."

ती खाली बसली. हात जमिनीला टेकवले. मोरेश्वरकाकांनी दोन्ही पाय तिच्या पाठीवर ठेवले. खोलीभर हसू उसळलं. तेच हसू, मित्रांनो, लंडनच्या खिडकीसमोरचं. मला वाटलं काच फुटावी आणि मी खाली पडावं.

कांचनकाकूंनी फोटो काढला आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. लगेच सगळ्यांचे फोन वाजायला लागले. हॉर्नबीहून, फ्लॅट बुशहून, कुठून कुठून हसरे चेहरे येऊन पडले. मला माहीत होतं हे काय आहे ते. तांब्याचा पत्रा नाही, शाई नाही, पण ओवीचीही आता शेकडो भावंडं छापून निघाली होती.

ओवी उठली. गुडघे झटकले नाहीत. "डिलीट इट, प्लीज."

"अगं, किती गोड आलीयेस!" कांचनकाकू म्हणाल्या.

"बाबा, टेल हर."

"ओवी, थोडी गंमत चालते गं," देवव्रत हळू आवाजात म्हणाला. पाहुण्यांसमोर त्याला अवघडल्यासारखं झालं होतं. "चित्रात आहे तसंच तर केलं आपण. साहेबाची चेष्टा आहे ती."

ओवी रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. बाबांचा हात धरून तिनं त्याला माझ्यासमोर आणलं आणि तिचं बोट काचेवर टेकलं. साहेबाच्या पोटावर नाही. खाली.

"हू इज धिस?"

देवव्रत वाकला. इतके महिने तो माझ्यासमोर उभा राहिला होता, वाकला मात्र आज. "हा... नोकर असेल कोणीतरी."

"बाबा, ही हॅज नथिंग ऑन हिज हेड." तिचं बोट वर सरकलं, पगडीपर्यंत गेलं आणि परत खाली आलं. "सो हूज पगडी इज इट?"

देवव्रतनं आणखी वाकून ते उघडं डोकं पाहिलं. पगडी त्यानं सगळ्यांना दाखवली होती. ती कोणाच्या डोक्यावरून उतरली हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. त्याचे कान लाल झाले. माझ्यासारखाच तोही लाजला, आणि मला तो पहिल्यांदा आपला वाटला.

मागे खुर्ची सरकली. मोरेश्वरकाकांनी डोक्याचं उपरणं काढलं, ओवीजवळ आले आणि जडपणे गुडघ्यांवर बसले. त्यांनी तिच्या पाठीला हात लावला आणि तो हात आपल्या दोन्ही डोळ्यांना लावला.

"पाय लागला गं, बाळा. पर्सला केला नमस्कार, आणि तुला नाही. चुकलंच."

कांचनकाकूंनी निमूटपणे फोन काढला. "केला डिलीट. सगळ्यांकडून गेला बघ." मग म्हणाल्या, "ज्यांनी पाहिला, त्यांनी पाहिला. त्यांना मी फोन करून सांगते, की चूक आमची होती."

ओवीनं मान हलवली. मग ती माझ्याकडे वळली. काचेवरून त्या ओणव्या माणसाच्या पाठीला बोटं लावली, ती आपल्या डोळ्यांना लावली आणि अगदी स्वच्छ मराठीत म्हणाली, "पाय लागला, काका."

काका! ज्याला चित्रकारानं चेहरा दिला नाही, ज्याला भांड्यातलं उरलेलं पाणी फासलं, त्याला कोणीतरी काका म्हणालं. साहेबाचा बूट होता तिथेच राहिला. तेजाबानं कोरलेलं नमस्कारानं पुसलं जात नाही. माझी लाजही गेली नाही आणि ती जावी असं मला वाटतही नाही. पण इतकी वर्षं ती मी एकटाच वाहत होतो. त्या दुपारी ती वाटली गेली.

संध्याकाळी देवव्रत मला ऑप शॉपला परत द्यायला निघाला होता. ओवीनंच अडवलं. "देन ही विल गो बॅक टू समवन्स टॉयलेट." मग त्यानं मला पॅसेजमध्ये लावलं, मोठ्यांच्या डोळ्यांपुढे नाही, ओवीच्या उंचीवर. आता मला बघायचं तर मोठ्यांना वाकावं लागतं, आणि वाकलं की आधी तोच दिसतो. "साहेब पाहा," असं देवव्रत आता म्हणत नाही. "आधी खाली बघा," म्हणतो. पाहुणे बघतात. हसू थोडं उशिरा येतं, कधी येतही नाही.

पॅसेजमध्ये ऊन येत नाही, हे माझ्या रंगांचं भाग्य. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा म्हातारा कागद असेल तर त्याला उन्हात टांगू नका, ओलीला ठेवू नका. त्याच्यावर काही वाईट चितारलेलं असेल, तर लाज वाटली म्हणून फेकूनही देऊ नका. आम्ही गेलो तर आमच्या अंगावर ओणवी असलेली माणसंही जातील, कोणी हाक न मारताच. आणि कुठल्याही चित्राला हसण्याआधी जरा वाकून बघा, पाय कोणाच्या पाठीवर आहे ते.

अनुराधा दर रविवारी माझी काच पुसते. खालच्या कोपऱ्यात छोट्या बोटांचा एक डाग आहे. तेवढा ती राहू देते.