दहा लाख तीन

चर्चच्या सणाला मरिया माउलीपुढे दहा लाख 'नमो मरिया' प्रार्थना ठेवायच्या, असा आगाशीजवळच्या त्या वाडीचा नवस. वर्षभर घरोघर रोझरीची माळ जपली गेली. प्रत्येक घराने आपला आकडा व्हॉट्सॲपवर टाकला, फेलिशियाने बेरीज मारली: दहा लाख तीन.

"तीन वर!" वाडीचे पुढारी फर्डिनंडकाका खूश.

पण फेलिशिया पडली गणिताची पोरगी. आकडा दिसला की सोलून बघितल्याशिवाय तिला घास गोड लागेल तर शपथ! तिने सातने भागलं, बाकी चार. अकराने, चार. तेराने, चार. सदतीसने, पुन्हा चारच! फोनला विचारलं, तर आकडा निघाला मूळ संख्या; एक आणि तो स्वतः सोडून कोणालाच दाद देत नाही म्हणे. "काय माजोरडा आहे हा!" ती हरखून गेली.

आणि मग चमकली. एका रोझरीत नमो मरिया त्रेपन्न. अख्ख्या रोझऱ्यांची बेरीज त्रेपन्नने भागली जायलाच हवी. इथे तर बाकी बावन्न. म्हणजे कुठेतरी एक कमी! तिने घराघराचे आकडे भागून पाहिले. सगळे बिनबोभाट भागले, एक उर्सुलामावशीचा सोडून.

"एवढंच ना? मी म्हणून टाकतो एक," फर्डिनंडकाका म्हणाले. "उद्या फादरना पुरा आकडा द्यायचाय."

"थांबा हो! आधी कळू तर द्या, कुठे चुकलं ते."

फेलिशिया पोचली तेव्हा उर्सुलामावशी नवऱ्याला, बॅप्टिस्टकाकांना, पेज भरवत होती. लकव्याने त्यांची वाचा गेली होती.

"चुकलं नाही गं," मावशी म्हणाली. "त्या संध्याकाळी रोझरी हेच म्हणत होते. शेवटच्या मण्यावर आले आणि तोंड वाकडं झालं. बावन्न झाल्या, बावन्न टाकल्या."

"मग राहिलेली तू का नाही म्हटलीस?"

"ती यांची आहे. मी म्हटली तर यांना बोलायला काय उरलं?"

फेलिशिया धावत परतली, तर अंगणात फर्डिनंडकाका क्रुसाची खूण करून सुरूच करत होते. तिने सरळ त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "काका, नको! ती बॅप्टिस्टकाकांची आहे." तिने सगळं सांगितलं. काका म्हणाले, "असंच सांगू फादरना."

सणाला फादरनी वाचलं, "दहा लाख तीन. आणि एक बॅप्टिस्टची यायची आहे."

सगळं चर्च वळलं. व्हीलचेअरवर बॅप्टिस्टकाकांचे ओठ हलले. "न... न..." पुढे सरकेना.

मावशीने त्यांची हनुवटी पुसली. "सावकाश," ती म्हणाली. "घाई कोणाला आहे?"