पुसलेलं ग्रीस

नट हलायला तयार नव्हता.

खाडीला ओहोटी लागली होती. नानांची छोटी होडी गोराईच्या काठावर, चिखलाच्या जरा वर, लाकडी ओंडक्यांना टेकून उभी होती. मागच्या खेपेला पाण्याखालचं कसलंसं खोड लागून पंख्याचं एक पातं वाकलं आणि तेव्हापासून इंजीन सुरू केलं की सगळी होडी थंडी भरल्यासारखी थरथरायची. पंखा काढायचा, गाळ्यावर नेऊन पातं सरळ करून आणायचं, एवढंच काम. पण पंखा निघायचा तर आधी त्याच्या मागचा नट सुटायला हवा, आणि तो तर शाफ्टमधूनच उगवल्यासारखा बसला होता.

त्यांच्या मुलाने, सुबोधने, पंख्याच्या पात्यामागे लाकडाचा ठोकळा अडकवला होता, नटाला अडवणारी कॉटर पिन पकडीने ओढून काढली होती, गंज सोडवायचा स्प्रे अर्धा रिकामा केला होता. पान्यावर लोंबकळून झालं, पान्याच्या दांड्यात पाइप घालून झालं. बँकेत संगणकासमोर बसणारा माणूस तो. शर्ट पाठीला चिकटला आणि तोंडाचा पट्टा सुटला.

"नाना, बसवताना ग्रीस लावलं होतं ना याला?"

नाना बाजूला उकिडवे बसले होते. त्यांनी मान वर केली, आणि उत्तर द्यायच्या आधी क्षणभर थांबले. पूर्वी थांबले नसते.

"लावलेलंय मां," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "लावलेलंय असतलंय."

"असतलंय म्हणजे? लावलं की नाही लावलं?"

"माका आता आठवणा नाय रे."

काठावरच्या झाडाच्या सावलीत सुबोधची बायको दर्शना लेकीला, ऋताला, मांडीवर घेऊन बसली होती. तीन वर्षांच्या पोरीला चिखलात उतरायचं होतं आणि दर्शनाने तिच्या फ्रॉकचा पट्टा मुठीत गच्च धरला होता. ती मूठ एकाएकी सैल झाली. नाना विसरले नव्हते. ग्रीस लावलेलं तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि पुसून टाकलं होतं.

दसऱ्याची गोष्ट. घरातली हत्यारं, सुबोधची मोटारसायकल, तिचं शिलाई मशीन, सगळ्यांची पूजा व्हायची तशी नानांच्या होडीचीही व्हायची. कसलीशी दुरुस्ती काढली होती म्हणून पंखा सुटा होता, आणि शाफ्टच्या टोकाला नानांनी पिवळट चिकट ग्रीस थापून ठेवलं होतं. ते नारळ आणि झेंडू आणायला गेले. दर्शनाने पाहिलं तर पंखा पितळेचा, पण काळा मिट्ट. आणि त्या ग्रीसला वाळू, केस, काय काय चिकटलेलं. पूजेला असं कसं ठेवायचं? घरून डब्यात चिंचेचा कोळ आणि मीठ आणलंच होतं तिने. पंखा असा घासला की समईसारखा लखलखला. मग त्याच हाताने शाफ्टही घासला, आट्यांच्या खाचाखाचांतून बोट फिरवून फिरवून, ग्रीसचा कण राहू दिला नाही. वर हळद-कुंकू वाहिलं. परत आल्यावर नाना म्हणाले होते, "बरी चकचकीत केलंस गो." त्यांची कंबर धरली होती, म्हणून पंखा सुबोधने बसवला. नाना मागे उभे राहून सांगत होते, आणि ते सांगतील तिकडे तो मुकाट पाना फिरवत होता. ग्रीस आपण लावलंय, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. पुन्हा बघायचं कारणच नव्हतं.

पितळी नट, लोखंडी शाफ्ट, मधे चिंच-मीठ, आणि वर खाडीचं खारं पाणी. बारावीत रसायनशास्त्रात चांगले मार्क मिळवले होते तिने. आज, आत्ता, ते मार्क आठवून तिला स्वतःचीच लाज वाटली.

बोलायचं तर आत्ताच बोलायला हवं होतं. एक वाक्य. 'सुबोध, अरे ते मी पुसलं.' पण ते वाक्य ओठांशी आलं आणि तिथेच बसून राहिलं.

कारण असं होतं. महिन्याभरापूर्वी नानांनी दूध गॅसवर ठेवलं आणि खाली पेपर आणायला गेले. पातेलं जळून कोळसा. त्यानंतर एकदा आरे कॉलनीतल्या दोस्ताकडे निघाले आणि भलत्याच स्टॉपवर, दिंडोशीला उतरून तासभर तिथेच फिरत राहिले. सुबोधने त्या रात्री जेवताना सांगून टाकलं होतं, "दुधाचं ठीक आहे, नाना. पण होडीत असं झालं तर? एक चूक झाली ना होडीत, की होडी सर्वेशला देऊन टाकायची." सर्वेश त्यांच्या ओळखीचा कोळी, होडी त्याच्याच घरासमोर बांधलेली असायची. नाना ताटात बोटाने रेघा ओढत बसले, आणि मग 'हो' म्हणाले. गिरणी बंद पडून नोकरी गेली तेव्हाही हा माणूस असाच 'हो' म्हणाला असेल, असं दर्शनाला तेव्हा वाटलं होतं.

आणि तरी, तो 'हो' ऐकून तिच्या छातीवरचा दगड उतरला होता. कारण रविवारी नाना ऋताला होडीतून फिरवून आणायचे. खारफुटीच्या कडेकडेने, पलीकडच्या धक्क्यापर्यंत आणि परत. पोर लाइफ जॅकेटमध्ये बुडालेली, नुसते डोळे दिसायचे. दर्शना काठावर उभी राहून होडी ठिपक्याएवढी होईपर्यंत बघायची, आणि पुन्हा मोठी होईपर्यंत तिचा श्वास नीट चालायचा नाही. होडी गेली तर हे सगळं जाणार होतं. तिने काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

ती गप्प बसली.

"बाजूक हो, माका बघू दे," नाना उठले. पाना त्यांनी नटावर बसवला, पाइप हातात धरला आणि रेटायला लागले. सुबोध रेटत होता त्याच्या बरोब्बर उलट्या बाजूला.

"नाना, आवळताय तुम्ही. उलटं फिरवताय."

नानांचे हात थबकले. पान्याकडे पाहिलं, नटाकडे पाहिलं. हातांना काहीतरी ठाऊक होतं आणि डोक्याला आता स्वतःचाच भरवसा नव्हता, ते दर्शनाला त्या सावलीतूनही दिसलं.

"तसा काय?" ते हळूच म्हणाले. "बरा. तू म्हणतंस तसा."

त्यांनी पाना काढून फिरवून बसवला आणि सुबोधच्या बाजूने सगळा जोर लावला. नट कणभर सरकला. "हललो रे," नाना म्हणाले, आणि तेवढ्यात पाना निसटला. त्यांची मूठ होडीच्या बुडाला चिकटलेल्या शिंपल्यांवर जाऊन आदळली. बोटांच्या पेरांवरची कातडी सोलवटून निघाली.

दर्शना ऋताला काखोटीला मारून धावली. बाटलीतल्या पाण्याने जखम धुतली, ओढणीचं टोक दाबून धरलं. मग सगळी ओढणीच हाताला गुंडाळली.

"काय नाय झाला," नाना म्हणाले. "तू पोरीक बघ. चिखल आसा."

एवढ्यात सर्वेश गॅसची छोटी टाकी खांद्यावर घेऊन उतरणीवरून आला. अंगात बनियन, तोंडात ब्रश. त्याने पान्याची दिशा बघितली, ब्रश काढला आणि बाजूला थुंकला.

"कोणी आवळला रे हा?"

"आवळला नाही, सोडवतोय," सुबोध म्हणाला.

"झकास. असाच सोडव, म्हणजे जन्मात निघायचा नाही. डावे आटे आहेत त्याला. पंखा फिरता फिरता सुटू नये म्हणून उलटे पाडलेत. तुझ्या बापाला विचार ना, सगळं त्याला माहीत आहे."

सुबोधचे कान लाल झाले. "सॉरी, नाना. बोलायचं ना मग."

आपण बरोबर होतो याचा आनंद नानांच्या चेहऱ्यावर कुठे दिसतो का म्हणून दर्शना बघत राहिली. दिसला नाही. आपल्याला ठाऊक होतं तेही आपण सोडून दिलं, एवढंच काय ते त्यांना स्वतःबद्दल कळलं असावं.

सर्वेशने नटावर ज्योत धरली. पितळ तापलं, निळसर झालं, जळक्या तेलाचा वास सुटला. ऋताने नाक दाबलं. मग सर्वेशने हातोडीने चारी बाजूंनी ठोके दिले, पाना बसवला आणि नाना आधी रेटत होते त्या बाजूला पाइप रेटला. कडाड असा आवाज झाला. दर्शनाला वाटलं शाफ्टच मोडला. पण नट सुटला होता.

सगळे वाकले. आट्यांवर हिरवट-पांढरी भुकटी साचलेली. सर्वेशने फडक्याने ती झाडली. नानांनी न सोलवटलेल्या हाताचं बोट खाचांतून फिरवलं आणि बोट डोळ्यांसमोर धरलं.

"टिपूस नाय ग्रीसचा," ते म्हणाले. "इसारलंय मी."

"जाऊ दे हो नाना, होतं कधी कधी," सर्वेश म्हणाला.

"कधी कधी होऊन चलात काय रे? खाडीच्या मधे पंखो अडकलो असतो आणि नट सुटलो नसतो म्हणजे? पोरगी असता होडीत." ते फडक्याला बोट पुसत राहिले, पुसण्यासारखं बोटाला काही नसतानाही. "सुबोध, तू म्हणालंस ताच बरोबर. सर्वेशा, पंखो बसवलो की होडी तुझी. तू सांभाळ."

सुबोधने मान खाली घातली. त्याला आता हे नको होतं, पण बोललेलं मागे कसं घ्यायचं हे त्याला सुचत नव्हतं.

"ते ग्रीस मी पुसलं," दर्शना म्हणाली.

तिघांनी तिच्याकडे पाहिलं.

"दसऱ्याला. तुम्ही लावलं होतं, नाना. मी पुसून टाकलं. घाण दिसत होतं म्हणून."

नाना हसले. अगदी मायेने हसले. "बाय माझे, माझ्यासाठी खोटा बोलू नको. तू आणि अशी चूक करतलंस? लिफ्टमधून परत जाऊन गॅसचा बटण बघणारी तू."

"खरं सांगतेय."

"दर्शना, राहू दे ना," सुबोध तिच्या कानाशी येऊन म्हणाला. "चांगलं वाटावं म्हणून बोलतेस, कळतंय मला. पण त्यांना अजून वाईट वाटेल."

हे तिने धरलंच नव्हतं. खरं सांगितलं की संपलं, इतकाच तिचा हिशेब. आजवर मिळवलेलं चांगलं नाव असं आडवं येईल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट तिला तिथे उभ्या उभ्या दिसली. अजूनही माघार घेता येत होती. मान हलवायची, डोळे पुसायचे, बस. सासऱ्यांवर जीव टाकणारी सून म्हणून वर कौतुकही झालं असतं. आणि होडी तर गेलीच असती.

तिने ऋताला सुबोधच्या हातात दिलं आणि नानांच्या समोर चिखलात जाऊन बसली.

"पिवळट ग्रीस होतं. त्याला वाळू लागली होती. मी पंखा घासला आणि मग शाफ्टही घासला. आट्यांतून बोट घालून घालून. चिंचेने."

नानांचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बारीक झाले.

"चिंचेन?"

"चिंचेच्या कोळाने. देवाची भांडी घासतो तशी."

"नुसत्या चिंचेन?"

"मीठ घालून."

"मीठ," नाना म्हणाले.

ते थोडा वेळ शाफ्टकडे बघत राहिले. त्या हिरव्या भुकटीकडे. दसऱ्याचा तो लखलखता पंखा त्यांच्या नजरेपुढे आला असावा. चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि मग जो आवाज निघाला तो दर्शनाने लग्न झाल्यापासून कधी ऐकला नव्हता.

"अगो, शाफ्ट म्हणजे काय देवाचो तांब्यो? खाडीचा मीठ कमी पडला म्हणान घरातला घातलंस? शिकललेली ना तू? इचारूचा तरी एकदा. मी ग्रीस काय शोभेक लावलेलंय?"

"नाना, हळू," सुबोध म्हणाला.

"तू गप रव. उलटो पानो फिरवणारो तू."

सर्वेशने हसू लपवायला ब्रश पुन्हा तोंडात घातला. दर्शना खाली मान घालून ऐकत होती. प्रत्येक शब्द झोंबत होता आणि प्रत्येक शब्द हवासा वाटत होता. नाना तिच्यावर ओरडत होते, म्हणजे त्यांना पटलं होतं. सोललेली मूठ हवेत नाचवत ते सांगत होते की आपण ग्रीस लावलं होतं, आपल्याला चांगलं आठवतंय, डबा कुठल्या फळीवर होता तेही आठवतंय. दूध आणि दिंडोशी काही पुसलं जाणार नव्हतं. पण हे एक त्यांचं त्यांना परत मिळालं.

मग ते थांबले. दम लागला होता.

"आणि सकाळपासून हयसर बसलंस," ते आवाज उतरवून म्हणाले. "मी इसारलंय इसारलंय म्हणतंय, तू ऐकतंस. मगे गप कित्याक रवलंस?"

खोटं बोलायला जागा होती. घाबरले म्हणाली असती. आत्ताच आठवलं म्हणाली असती. दोन्ही पटण्यासारखं होतं.

"होडी जावी असं वाटत होतं," ती म्हणाली. "ऋतासाठी. तुम्ही चुकलात असं ठरलं असतं, तर गेली असती."

पलीकडच्या धक्क्यावरून फेरीबोटीचा भोंगा वाजला, आणि सुबोधच्या कडेवरून ऋताने तिकडे हात हलवला.

नानांनी हाताला गुंडाळलेली तिची ओढणी सोडली, नीट घडी केली आणि तिच्या मांडीवर ठेवली. "धुवक टाक," ते म्हणाले. रोजच्यासारखंच. फक्त शेवटी 'बाय' म्हणाले नाहीत.

मग ते सर्वेशकडे वळले. "होडी माझ्याकडेच रवात," त्यांनी सांगितलं, आणि पंखा शाफ्टवरून ओढायला दोघं वाकले.

दर्शना उठली. पाना तिच्या पायाशी पडला होता. तिने तो उचलून पुढे केला. नानांनी मागे न बघता हात लांब केला, पण तो सुबोधच्या बाजूला, आणि म्हणाले, "सुबोध, पानो दी."

सुबोधने तो तिच्या हातातून घेऊन त्यांना दिला.