गंज काढलेलं पिस्तूल

मी कोर्टात शिरते तीच खटला जिंकून आल्यासारखी, असं माझ्या पाठीमागे बोलतात. बोलोत बापडे! इतकी वर्षं फौजदारी वकिली केल्यावर मान खाली घालून चालायला मी काय कुणाचं घोडं मारलंय?

त्या दिवशीही मी तशीच शिरले. माझा अशील आधीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. त्याला सगळे काडी म्हणायचे, आणि अंगावर मांस म्हणून नसल्याने ते शोभायचंही. पूर्वी बेकरीची गाडी चालवायचा. ती नोकरी गेली, पुढची एकही टिकली नाही, आणि एका दुपारी या शहाण्याने मेलेल्या मामाच्या ट्रंकेतलं पिस्तूल खिशात घातलं आणि तो औषधांच्या दुकानात शिरला. दुकानात मालकीणबाई एकट्याच होत्या. त्यांच्यावर पिस्तूल रोखून त्याने गल्ला रिकामा केला, बाहेर धावला, तर स्कूटर चालूच होईना. शेजारच्या सलूनमधून दाढी अर्धवट टाकून उठलेल्या लोकांनी त्याला जागच्या जागी धरला. लुटायलाही थोडी अक्कल लागते हो.

गुन्हा त्याने लगेच कबूल केला होता. म्हणजे भांडण उरलं होतं ते फक्त शिक्षेचं, आणि ते सगळं त्या पिस्तुलापाशी येऊन अडलं होतं. कायदा सरळ आहे. लुटीत रोखलेलं पिस्तूल त्या वेळी चालण्यासारखं असेल तर किमान दहा वर्षं. न्यायाधीशांना कितीही दया आली तरी त्याच्या खाली उतरता येत नाही. चालण्यासारखं नसेल तर मात्र किती द्यायची ते न्यायाधीश ठरवणार. आणि सरकारी प्रयोगशाळा छातीठोकपणे सांगत होती की पिस्तूल झकास चालतं.

पहिल्या बाकावर काडीची थोरली बहीण बसली होती. ताई घरी बसून सोफ्यांची कव्हरं शिवते. काडीची बायको त्याला कंटाळून केव्हाच निघून गेली, त्यामुळे त्याची लहान मुलगी ताईकडेच असते.

"वकीलबाई," ताई म्हणाली, "तो सुटावा असं मी म्हणत नाही. त्या दुकानात मी असते तर मीच त्याला लाटण्याने बडवला असता. पण जेवढं केलंय तेवढंच भोगू दे. दहा वर्षांनी बाहेर आला तर पोर त्याला काका म्हणेल हो!"

"ताई, निर्धास्त राहा."

"असं तुम्ही सगळ्यांनाच म्हणत असाल."

"सगळ्यांनाच म्हणते. पण म्हणताना मला ते खरंच वाटत असतं."

ताईला हसू आलं नाही, पण तिने पदराशी चाललेला चाळा थांबवला.

आमच्या कोर्टाची एक पद्धत आहे. गुन्ह्यात जप्त झालेली वस्तू सुनावणीच्या दिवशी सगळ्यांसमोर सील फोडून टेबलावर ठेवायची. अशा वस्तू पोलिसांच्या मुद्देमाल खोलीत असतात आणि ती खोली सांभाळणारे हवालदार त्या स्वतः घेऊन येतात. तर हवालदारांनी लाखेचं सील फोडलं, कापड उलगडलं आणि पिस्तूल टेबलावर ठेवलं. अहाहा! काय चकाकत होतं! मशीनच्या तेलाचा वास माझ्या खुर्चीपर्यंत आला.

मी काडीकडे पाहिलं तर तो डोळे फाडून बघत होता. मी पिंजऱ्याजवळ गेले.

"बाई, हे आपलं नाही," तो कुजबुजला.

"मुठीचा कोपरा बघ. तुटलेला आहे ना?"

"हो, मूठ आपलीच दिसते. पण आपलं लाल होतं, गंजलेलं. हात लावला की हाताला लागायचं."

"मग मेल्या, हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही रंग कुठे विचारलात?"

अस्सा राग आला मला! पण पिंजऱ्यातल्या माणसाच्या कानाखाली वाजवण्याची सोय कोर्टात नाही. मी वळले आणि हवालदारांकडे नीट पाहिलं. ते एका बाजूला उभे राहून टेबलाकडे असे बघत होते, की जणू लेकच बक्षीस घ्यायला स्टेजवर चढलीय. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या माणसाची खोली मी पाहिलेली आहे. तिथली जमीन माझ्या ओट्यापेक्षा स्वच्छ असते, आणि आत शिरताना ते वकिलांनाही चपला काढायला लावतात.

"साहेब," मी न्यायाधीशांना म्हटलं, "मला हवालदारांना दोन प्रश्न विचारायचे आहेत."

सरकारी वकील ताडकन उठले. हे वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे, पण तोरा मोठा. "साहेब, हवालदार साक्षीदारच नाहीत! बाईंचा वेळकाढूपणा चाललाय."

"विचारू द्या," न्यायाधीश म्हणाले. "दोनच."

दोन प्रश्नांत कुठला वकील थांबलाय? हवालदार साक्षीला उभे राहिले. मी आवाजात साखर घातली.

"हवालदारसाहेब, आधी तुमचं कौतुक करते. इतका नीट ठेवलेला मुद्देमाल मी दुसऱ्या कुठल्या कोर्टात पाहिलेला नाही."

त्यांची कळी खुलली. "मेहनत घ्यावी लागते, बाई."

"दिसतंच आहे. हे आलं तेव्हा काय अवस्था होती हो याची?"

"काही विचारू नका! नुसता गंज. खोलीत ठेवायची लाज वाटावी असं. मी रॉकेलमध्ये भिजत घातलं, मग घासलं, मग तेलपाणी केलं."

"साहेब!" सरकारी वकिलांना आता जाग आली होती. "हा प्रश्न—"

"बसा," न्यायाधीश म्हणाले, आणि पेन खाली ठेवून पुढे झुकले. "हवालदार, तुम्ही जप्त केलेलं हत्यार घासलंत?"

"हो साहेब. मागच्या साहेबांच्या वेळी मी एक सुरा आणला होता. त्याचा गंज त्यांच्या टेबलावरच्या कापडाला लागला. भर कोर्टात मला म्हणाले, तुम्ही पोलीस आहात का भंगारवाले? फार लागलं ते मला. तेव्हापासून माझ्या खोलीतून गंजलेली वस्तू बाहेर पडत नाही."

"हे प्रयोगशाळेत पाठवायच्या आधी केलंत का नंतर?" मी विचारलं.

"आधीच. परक्या लोकांकडे घाण वस्तू कशी पाठवायची?"

कोर्टात हशा पिकला. मी नाही हसले. खरा प्रश्न अजून माझ्या जिभेवरच होता, आणि त्याचं उत्तर मला माहीत नव्हतं. पण या माणसाला खोटं बोलता येणार नाही, याची मला खात्री होती.

"घासण्याआधी त्याचा चाप दाबून पाहिला होतात?"

"पाहिला ना. दोन्ही अंगठे लावले तरी हलेना. आतली स्प्रिंग कुजून गेली होती. मी नवी बसवली. स्वतःच्या खर्चाने, साहेब!"

हे बोलून झाल्यावर कोर्टातल्या शांततेकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी न्यायाधीशांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग काडीकडे. चेहऱ्याचा रंगच उडाला त्यांच्या.

"म्हणजे याला दहा वर्षं लागणार होती ती... माझ्यामुळे?"

मला वाईट वाटलं त्यांचं. पण त्यांनी घसा साफ केला आणि कुणी न विचारता पुन्हा सांगितलं, "लिहून घ्या साहेब. माझ्याकडे आलं तेव्हा ते चालण्यासारखं नव्हतं. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा."

आता मैदान माझं होतं. मी उठले आणि सुटलेच. म्हटलं, "साहेब, त्या दुपारी माझ्या अशिलाच्या हातात पिस्तूल नव्हतंच, लोखंडाचा ठोकळा होता. माशीसुद्धा मेली नसती त्याने. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं!" मागच्या बाकावर औषधवाल्या बाई मुलाशेजारी बसल्या होत्या. हे ऐकून त्यांनी मान खाली घातली. मला ते दिसलं, तरी मी बोलत राहिले. माझं काम काडीसाठी बोलायचं होतं.

न्यायाधीशांनी मान्य केलं की किमान दहा वर्षांची अट इथे लागू होत नाही. ताईने डोळ्यांना पदर लावला. मी मनातल्या मनात तीन वर्षांचा हिशेब करून मोकळीसुद्धा झाले. तेवढ्यात न्यायाधीश काडीकडे वळले.

"आता किती द्यायची ते मला ठरवायचंय. म्हणून एकच विचारतो. ते चालत नाही हे तुला माहीत होतं?"

मी डोळे मोठे करून त्याला खुणावलं, गप्प बस. उत्तर देण्याची त्याच्यावर सक्ती नव्हती. 'हो' म्हणाला असता तरी त्याला खोटं पाडणारं कुणी नव्हतं. मामा तर केव्हाच वर गेलेला.

काडीने माझ्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. ताईने कसलीच खूण केली नाही. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

"नाही साहेब," तो म्हणाला. "मला वाटत होतं चालतं. गोळ्या होत्या आत. बाई ओरडल्या असत्या तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. रोज रात्री तेच डोक्यात येतं."

झालं! माझ्या सगळ्या भाषणावर या पठ्ठ्याने एका दमात पाणी ओतलं. न्यायाधीश बराच वेळ लिहीत होते. मग त्यांनी पाच वर्षांची शिक्षा सुनावली.

बाहेरच्या व्हरांड्यात मी ताईला म्हटलं, "तोंड बंद ठेवलं असतं तर तीन वर्षांत सुटला असता, गाढव!"

"असू दे, वकीलबाई," ताई म्हणाली. ती रडत होती, पण ताठ उभी होती. "पाच वर्षं मी काढीन. पोरीला सांगायला मला काहीतरी बरं मिळालं."

तेवढ्यात औषधवाल्या बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, आता आपली खैर नाही. त्यांनी आधी माझ्याकडेच पाहिलं.

"घाबरण्यासारखं काही नव्हतं, असं म्हणालात ना तुम्ही?"

"बाई, मला माझ्या अशिलाची बाजू मांडायची असते."

"मांडा ना. माझा मुलगाही आत हसत हसत तेच म्हणाला, आई, तू एका गंजक्या ठोकळ्याला घाबरलीस. लुटीच्या दिवसापासून मी दुकानात एकटी बसू शकलेले नाही. दार वाजलं तरी दचकते. आज तुमचं ऐकून वाटलं, मीच वेडी ठरले." त्या ताईकडे वळल्या. "तुमचा भाऊ खरं बोलला. त्याला माझ्याकडून तेवढं सांगा. माफ केलंय असं नका सांगू, ते मी केलेलं नाही. पण मी उगाच घाबरले नव्हते, हे त्याने सगळ्यांसमोर सांगितलं."

मला बरंच काही बोलता आलं असतं. पण मी मान खाली घातली.

ताईने पुढे होऊन त्यांचा हात धरला.

"बाई," ती म्हणाली, "मीही घाबरले असते."