आतून तुटलेला शिशाचा एप्रन

मी एक जुना शिशाचा एप्रन आहे. मित्रांनो, एप्रन म्हटल्यावर तुम्हाला स्वयंपाकघर आठवले असेल, पण माझा आणि फोडणीचा काही संबंध नाही. मी इस्पितळातला आहे. वरून निळे कापड आणि आत शिसे मिसळलेल्या रबराचे अस्तर, असा माझा देह. वजन सहा किलो. मला दिवसभर घालणारा माणूस संध्याकाळी खांदे चोळत घरी जातो, आणि जाताना मला दोन शब्द सुनावतो.

एका कारखान्यात मला एका बाईने शिवले. मानेमागे अडकवायचा लूप लावला आणि दोनदा ओढून पाहिला. सोबत एक कागद ठेवला. त्यावर लिहिले होते, 'घडी घालू नये. टांगून ठेवावा.' कागदावर असते एक आणि होते भलतेच, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

मी जिथे नोकरी केली ती खोली थंड होती. मधे अरुंद टेबल, त्याला कवेत घेणारी यंत्राची कमान आणि समोर मोठा पडदा. तिथे पोट किंवा छाती फाडत नाहीत. रोग्याच्या मांडीला किंवा मनगटाला तांदळाएवढे भोक पाडतात आणि त्यातून बारीक तार शिरेत सरकवतात. तार कुठवर पोचली, हे क्ष-किरण पडद्यावर दाखवतात. हे किरण रोग्याच्या अंगावरून आजूबाजूलाही उडतात. ते अडवायला मी कर्मचाऱ्यांच्या अंगावर असे.

माझा स्वभाव संशयी आहे. कुणाला आत शिरू न देणे हाच ज्याचा धंदा, तो भोळा राहील कसा? 'काही नाही हो, छोटेसेच आहे' असे कुणी म्हटले की माझे कान टवकारतात.

सुरुवातीला मला मान होता. सिस्टर मला कुणाला हात लावू देत नसत. मग एके दिवशी माझा लूप तुटला. शिवायला पाच मिनिटे पुरली असती, पण ते कुणाचेच काम नव्हते. सिस्टरना वाटले भांडारवाले शिवतील, भांडारवाल्यांना वाटले धोबी शिवेल. शिशाचे एप्रन धोब्याकडे जातच नाहीत. तेव्हापासून मी खुर्चीच्या पाठीवर दुमडून पडू लागलो. पोटाशी रोज तीच घडी. एके दिवशी तिथे आत काहीतरी तुटले. कापडाला कळलेही नाही.

आम्हा एप्रनांना वर्षातून एकदा टेबलावर पसरून किरणांखाली तपासतात. त्या वर्षी टेक्निशियनला सवड नव्हती. त्याने माझ्यावरची जुनी चिठ्ठी काढली आणि नव्या तारखेची लावली. 'तपासला.' माझ्या मनात पाल चुकचुकली. पण एप्रनला कोण विचारतो?

आणि मग एका सकाळी टेलरमास्तर आले.

खोलीबाहेरच्या बोळात त्यांची ट्रॉली माझ्या खुर्चीशेजारी थांबली. सोबत त्यांची लेक होती. मास्तरांच्या डाव्या पायाची शीर आवळली होती. करंगळीची जखम तीन महिने भरत नव्हती आणि काळी पडत चालली होती. आज तारेवरून फुगा नेऊन शीर उघडायची होती. नाही जमले तर पाऊल कापावे लागेल, असे त्यांना सांगितले होते. शिवणयंत्राचे पायडल ते त्याच पायाने मारत.

"बाबा, शांत पडून राहा ना," लेक म्हणाली.

"पडलोच आहे. डोळे मिटायचे असं कुणी सांगितलं नाही."

सिस्टरनी मला उचलून अंगात घातले. मास्तरांची नजर माझ्यावर खिळली.

"सिस्टर, हे काय?"

"शिशाचा एप्रन. किरणांपासून बचाव."

"आणि माझ्यासाठी?"

"तुम्हाला नाही लागत. घाबरू नका, काही नाही, छोटंसं भोक आहे."

"म्हणजे गोळी मला मारायची आणि चिलखत तुम्ही घालायचं."

"बाबा, पुरे," लेक ओशाळून म्हणाली.

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. त्यांनी दारातूनच ऐकले होते. "विचारू द्या त्यांना. मास्तर, तुमच्या पायाचं चित्र काढायचंय. मधे शिसं आलं तर चित्रच दिसणार नाही. तुम्ही इथे एकदा येता, आम्ही रोज उभे असतो. म्हणून चिलखत आम्हाला. तरी तुमच्यावरही किरण लागतील तेवढेच सोडतो."

"भोक खरंच छोटं?"

"भोक छोटं आहे. आतलं काम छोटं नाही. रक्तस्राव होऊ शकतो. शीर पडद्यावर दिसायला डाय नावाचं औषध सोडतो, त्याचा मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. उघडलेली शीर पुन्हा आवळू शकते. कधी तार पुढे जातच नाही."

"मग या 'काही नाही' का म्हणाल्या?"

"सवयीने," डॉक्टरबाई म्हणाल्या. सिस्टर माझ्या नाड्या बांधत खाली पाहू लागल्या.

"तुम्ही स्वतः करणार, की शिकाऊंना हात साफ करायला देणार?"

"मी स्वतः. या वर्षी सत्तरएक केलीत. तिघांचं जमलं नाही."

मास्तरांनी मान हलवली. तिघांचा आकडा ऐकून त्यांना बरे वाटले असावे. सगळेच जमते म्हणणाऱ्यावर तेही माझ्यासारखेच विश्वास ठेवत नसत. पण त्यांचे समाधान झाले नव्हते.

"सिस्टर, जरा जवळ या. कापड बघू."

त्यांनी माझी कड अंगठा आणि तर्जनीत धरली आणि बोटे सरकवत पोटापर्यंत आणली. चाळीस वर्षे कापड चाचपलेली बोटे ती. घडीपाशी ती थांबली, मागे गेली, पुन्हा आली.

"वरचं कापड शाबूत आहे. आतलं अस्तर तुटलंय."

"तपासलेला आहे हो," सिस्टर म्हणाल्या. "ही बघा चिठ्ठी."

"चिठ्ठी काय, ट्रायल न घेताही लावता येते. मी लावलेल्या आहेत."

डॉक्टरबाईंनी मला सिस्टरच्या अंगावरून उतरवले आणि टेबलावर पसरायला सांगितले. दार लावून किरण सोडले. पडद्यावर मी काळा दिसलो, आणि माझ्या काळ्या पोटावर वीतभर लांब पांढरी रेघ उमटली. त्या फटीतून किरण आरपार जात होते. कित्येक महिने सिस्टर मला घालून निर्धास्त उभ्या राहिल्या होत्या. मित्रांनो, तेव्हा मला धरणीने पोटात घ्यावे असे वाटले.

डॉक्टरबाई मला हातावर घेऊन बोळात आल्या. त्यांना झाकता आले असते. रोग्याला काय कळते? पण त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमचं बोट खरं निघालं. चूक आमची आहे. चिठ्ठी खोटी होती."

मास्तर कोपरावर थोडे उठले. मग म्हणाले, "बाई, माझ्याही कागदावर एक खोटी चिठ्ठी आहे."

लेकीने चमकून पाहिले.

"चार वर्षांपूर्वी दुसरीकडे पोटाचा स्कॅन केला होता. तो डाय टोचला आणि अंगभर गांधी उठल्या. घसा आवळला. श्वास घेता येईना. दोन तास ऑक्सिजनवर होतो."

"मी तीनदा विचारलं होतं, बाबा. डाय कधी बाधलाय का, तीनदा. तुम्ही नाही म्हणालात, मी फॉर्मवर 'नाही' लिहिलं."

"खरं सांगितलं असतं तर यांनी हात झटकले असते. मग सरळ पाय कापायलाच पाठवलं असतं."

"आणि आत काही झालं असतं तर? जन्मभर तो फॉर्म माझ्या अक्षरात राहिला असता."

डॉक्टरबाई माझ्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या. "न सांगता टेबलावर गेला असतात, तर कदाचित पायाचा प्रश्नच उरला नसता. सांगितलं म्हणून कुणी हात झटकत नाही, मास्तर. आज थांबू. आधीपासून औषधं देऊ, डाय बदलू, कमीत कमी वापरू आणि भूलतज्ज्ञांना शेजारी उभं करू. तरीही धोका शून्य होणार नाही. चालेल?"

"शून्य म्हणाला असतात तर उठून गेलो असतो."

दुसऱ्या दिवशी मास्तर आत गेले. मी 'बाद' अशी लाल चिठ्ठी लावून बोळात पडलो होतो. दारामागून "श्वास रोखा... सोडा" एवढेच ऐकू येई. लेक माझ्याकडे टक लावून बसली होती. दीड तासाने ट्रॉली बाहेर आली. मास्तरांच्या अंगावर दोन-चार गांधी होत्या, पण श्वास ठीक होता. डॉक्टरबाईंनी त्यांच्या पावलावर बोटे ठेवली. पाऊल ऊबदार होते.

"सहा तास पाय सरळ. भोकावर ओल लागली, सूज आली, तर लगेच ओरडायचं. करंगळीचं आज सांगत नाही."

करंगळी गेली. पाऊल राहिले.

दोन महिन्यांनी मास्तर स्वतःच्या पायांनी चालत आले. पिशवीत जाड सुई, मेणाचा दोरा आणि पट्टीचे कापड होते. बोळात बसून त्यांनी सगळ्या एप्रनांचे लूप ओढून पाहिले आणि सैल होते ते नव्याने शिवले. टेक्निशियन एकेक एप्रन पुढे करत होता. त्या आठवड्यात त्याने प्रत्येकाला टेबलावर पसरले होते. शेवटी मास्तरांनी मला मांडीवर घेतले.

"तो बाद आहे, मास्तर," सिस्टर म्हणाल्या.

"बाद असला म्हणून घडी कशाला?"

आता मी त्याच बोळात खिळ्यावर टांगलेला असतो. डॉक्टरबाईंनीच मला तिथे ठेवून घेतले. ट्रॉलीवरचा माणूस मला पाहतो आणि हमखास विचारतो, "हे तुम्हालाच का?" तिथून बोलणे सुरू होते. मग पूर्वी काही बाधले होते का, हे सिस्टर त्याला विचारतात, आणि उत्तर मिळाले तरी पुन्हा एकदा विचारतात. आता त्या 'काही नाही' म्हणत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरातले कुणी अशा खोलीत निघाले तर त्यांना संशय घेऊ द्या. कोण करणार, कशासाठी करणार, नाही जमले तर पुढे काय, हे मोकळेपणाने विचारू द्या. पण आपल्याला पूर्वी काय बाधले, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे त्यांनी पोटात ठेवू नये. कागदावर 'नाही' लिहिलेले असले, तरी तुम्ही शेजारी बसून एकदा विचारा.

आणि कधी या बोळातून गेलात, तर माझ्या पोटावरून बोट फिरवून बघा. वरचे कापड अजून अगदी शाबूत आहे.